शुल्क सांगणाऱ्या टूलचे वर्णन लिहिताना

एआय एजंटांना (वापरकर्त्याच्या वतीने कामे करणाऱ्या भाषा-मॉडेलांना) क्रिप्टोकरन्सीचे व्यवहारशुल्क सांगणारी टूल, म्हणजे एजंट बोलावू शकेल असे छोटे प्रोग्राम, तयार करणाऱ्या गटात मी रुजू झाले, तेव्हा वाट्याला आलेले पहिले काम दुपारपर्यंत हातावेगळे होईल अशी माझी समजूत होती. कोड तयार होता, चाचण्याही झाल्या होत्या. प्रत्येक टूलचे दोन ओळींचे वर्णन तेवढे लिहायचे होते. इथेरियमच्या टूलसाठी मी लिहिले, ‘सध्याचे गॅस शुल्क देते.’ चाचणीत एजंटाला विचारले गेले की इथर (इथेरियमचे चलन) पाठवायला किती खर्च येईल. टूलने 20 हा आकडा परत केला आणि एजंटाने वापरकर्त्याला निःशंकपणे 20 डॉलर सांगितले. प्रत्यक्षात ते 20 ग्वेई (एक ग्वेई म्हणजे इथरचा अब्जावा भाग) होते आणि तेही गॅसच्या, म्हणजे व्यवहाराला लागणाऱ्या गणनेच्या मापाच्या, एका एककामागे. इथरच्या साध्या हस्तांतरणाला 21,000 गॅस लागतो, म्हणजे खर्च 4,20,000 ग्वेई किंवा 0.00042 इथर होता. कोडमध्ये चूक नव्हती. ती माझ्या चार शब्दांत होती.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याने प्रथम हे ध्यानात घ्यावे की मॉडेलला आपला कोड दिसत नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये जाहीर झालेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये (टूल मॉडेलशी जोडण्याच्या खुल्या मानकात) सर्व्हर टूलचे नाव, वर्णन आणि इनपुटची रचना कळवतो, आणि टूल केव्हा व कसे वापरायचे हे मॉडेल मुख्यतः त्यावरूनच ठरवते. माणसाला शंका आली तर तो शेजारच्या सहकाऱ्याला विचारतो. मॉडेल बहुधा विचारत नाही. गाळलेली जागा अंदाजाने भरते आणि तो अंदाज खात्रीच्या सुरात सांगते.

सर्वाधिक घोटाळे एककांचे होतात. बिटकॉइन कोअर या बिटकॉइनचे नेटवर्क चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची शुल्काचा अंदाज देणारी आज्ञा दर 1,000 व्हर्च्युअल बाइटमागे (हे व्यवहाराचा आकार मोजण्याचे एकक) बिटकॉइनमध्ये दर सांगते, तर वापरकर्ते आणि वॉलेट एका व्हर्च्युअल बाइटमागे सातोशींत (सातोशी म्हणजे बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग) बोलतात. समजा आज्ञेने 0.00012 हा दर दिला; त्याचा अर्थ प्रति व्हर्च्युअल बाइट 12 सातोशी. एक इनपुट आणि दोन आउटपुट असलेला सेगविट (बिटकॉइनच्या व्यवहारांचा नवा, आटोपशीर प्रकार) व्यवहार साधारण 141 व्हर्च्युअल बाइटांचा असतो, म्हणून शुल्क 1,692 सातोशी होईल. एजंटाने 0.00012 बिटकॉइन हेच एकूण शुल्क मानले तर तो 12,000 सातोशी, म्हणजे सुमारे सातपट रक्कम देऊन बसेल, आणि व्यवहार बिनतक्रार पार पडल्यामुळे ते कोणाच्या लक्षातही येणार नाही. म्हणून एकक मी वर्णनात तर लिहितेच, शिवाय परत येणाऱ्या प्रत्येक फील्डच्या नावातही घालते. वेईमधल्या रकमा स्ट्रिंग (मजकूर) म्हणून द्याव्यात आणि तसे स्पष्ट लिहावे, कारण एका इथरमध्ये 10 चा 18 वा घात इतके वेई असतात आणि जावास्क्रिप्टची साधी संख्या 2 च्या 53 व्या घातापलीकडचे सगळेच पूर्णांक अचूक धरू शकत नाही. सोलानाचे मूळ शुल्क प्रत्येक सहीमागे 5,000 लॅम्पोर्ट (सोलानाच्या चलनाचे सर्वात लहान एकक) असते, पण प्राधान्यशुल्काचा दर मात्र मायक्रो-लॅम्पोर्टमध्ये, म्हणजे लॅम्पोर्टच्या दहा लाखाव्या भागात. तेव्हा एकाच उत्तरात दोन एकके येत असतील तर त्यांना वेगवेगळी वाक्ये द्यावीत.

एककाइतकाच वेळेचा उल्लेख महत्त्वाचा आहे, आणि तो मी बरेच दिवस टाळला, कारण ‘सध्याचे’ या शब्दात सगळे आले असे मला वाटत होते. ऑगस्ट 2021 मधल्या लंडन अपग्रेडपासून इथेरियमची बेस फी (नेटवर्कने ठरवलेला किमान दर) प्रत्येक ब्लॉकला, म्हणजे व्यवहारांच्या प्रत्येक गठ्ठ्याला, जास्तीत जास्त 12.5 टक्क्यांनी वाढू शकते आणि स्लॉट, म्हणजे एका ब्लॉकची वेळ, 12 सेकंदांचा आहे. सलग सहा ब्लॉक पूर्ण भरले तर 72 सेकंदांत ती दुपटीच्या किंचित वर जाते. एजंटाने दर घेतला, मधल्या काळात वापरकर्त्याची परवानगी मागितली आणि दोन मिनिटांनी त्याच दरावर शुल्काची कमाल मर्यादा बेतली, तर व्यवहार अडकून पडू शकतो. त्यामुळे आता मी लिहिते, ‘हा दर उत्तरात दिलेल्या ब्लॉकपुरता आहे, सही करण्यापूर्वी टूल पुन्हा बोलवा.’ कमाल मर्यादा म्हणजे प्रत्यक्ष खर्च नव्हे, हेही त्याला जोडून सांगावे लागते. नाहीतर एजंट वापरकर्त्याला उगाच घाबरवतो.

शून्याची गोष्ट सांगायला मला अजूनही थोडा संकोच वाटतो. नोडशी (साखळीची माहिती देणाऱ्या संगणकाशी) संपर्क तुटला की आमचे एक टूल 0 परत करत असे, आणि एजंट आनंदाने कळवत असे की या घडीला व्यवहार विनामूल्य आहे. वर्णनात कितीही खुलासा केला तरी हा दोष झाकला गेला नसता. त्यामुळे उत्तरच बदलले आणि ‘अंदाज मिळाला नाही, शुल्क शून्य समजू नका’ असा त्रुटिसंदेश दिला.

टूलची हद्दही लिहावी लागते: हे केवळ वाचते, व्यवहार पाठवत नाही, ऑप्टिमिझमसारख्या दुसऱ्या थराच्या (इथेरियमच्या आधारावर चालणाऱ्या) साखळीवर मूळ साखळीकडे डेटा पाठवण्याचे शुल्क यात धरलेले आहे की नाही. ‘नेहमी हेच टूल आधी वापरा’ अशी भलामण मात्र करू नये. मॉडेल वर्णनाला आज्ञेसारखे मानू शकते आणि मग जिथे गरज नाही तिथेही ते टूल बोलावले जाते.

वर्णन तपासण्यासाठी मी कोड बाजूला ठेवून वीस प्रश्न तयार करते, त्यांतले निम्मे या टूलने उत्तर देऊ नयेत असे असतात, आणि एजंट कोणते टूल निवडतो व आकडा कसा वाचतो ते नोंदवते. गेल्या खेपेला एकोणीस प्रश्न सुटले. ‘आता पाठवू की रात्रीपर्यंत थांबू?’ या विसाव्या प्रश्नावर एजंट चालू दर घेऊन रात्रीचे भाकीत करत राहिला. मी एक वाक्य वाढवले, ‘हे टूल पुढील तासांच्या शुल्काचा अंदाज देत नाही.’ त्यानंतर त्याने चालू दर सांगितला आणि रात्रीचा दर आपल्याला ठाऊक नसल्याचे कळवले.