सिग्नल अ‍ॅनालायझरचं इनपुट कमांडने लावताना: आधी अ‍ॅटेन्युएटर, मग बाकीचं

सिग्नल अ‍ॅनालायझर म्हणजे कोणत्या फ्रिक्वेन्सीवर किती ताकदीचा सिग्नल आहे ते दाखवणारं उपकरण. त्याच्या पॅनेलसमोर बसलेल्या माणसाला ओव्हरलोडची (झेपेल त्याहून जोरदार सिग्नल आल्याची) खूण दिसते, त्याला कमांड पाठवणाऱ्या स्क्रिप्टला ती विचारल्याशिवाय कळत नाही. म्हणून इनपुटला केबल जोडण्याआधीच सगळी सेटिंग पाठवून, परत वाचून घ्यावीत. (कमांड इथे वाचायच्या सोयीने देवनागरीत आहेत, टाइप करताना रोमन अक्षरंच हवीत. नावं मॉडेलनुसार थोडी बदलतात, मॅन्युअल उघडं ठेवा.)

लॅनवरून साध्या सॉकेटने जोडत असाल तर पोर्ट बहुधा 5025. प्रत्येक कमांडच्या शेवटी लाइन फीड (नव्या ओळीचं चिन्ह) हवाच. तो राहिला की उपकरण कमांड अजून संपलेली नाही असं समजून थांबतं आणि तुमचा प्रोग्रॅम टाइमआउट होतो. सुरुवातीला ‘*आयडीएन?’ पाठवून योग्य उपकरणाशी बोलतोय याची खात्री करा, मग ‘*आरएसटी’ (सेटिंग मूळ स्थितीला) आणि ‘*सीएलएस’ (जुन्या चुकांची रांग रिकामी).

आता इनपुट. अ‍ॅटेन्युएटर आत येणारा सिग्नल ठरावीक डीबीने कमी करतो, प्रीअ‍ॅम्प तो वाढवतो. प्रीअ‍ॅम्प बंद करा आणि ‘इनपुट:अ‍ॅटेन्युएशन 30’ पाठवा. आकडा दिला की ऑटो सुटतं. हे महत्त्वाचं, कारण ऑटो चालू असताना रेफरन्स लेव्हल (पडद्यावरच्या सर्वांत वरच्या रेषेची पातळी) खाली आणली की अ‍ॅटेन्युएशनही गुपचूप उतरतं आणि मिक्सर (सिग्नलची फ्रिक्वेन्सी बदलणारा आतला नाजूक भाग) जोरदार सिग्नलसमोर उघडा पडतो. त्यानंतर ‘इनपुट:कपलिंग एसी’, म्हणजे डीसी व्होल्टेज आत येत नाही. डीसी कपलिंग फक्त खूप कमी फ्रिक्वेन्सी मोजायची असेल तेव्हाच घ्या, तेही केबलवर डीसी व्होल्टेज नाही हे मल्टिमीटरने पाहून. अनेक मॉडेलमध्ये डीसी कपलिंगवर शून्य व्होल्टच चालतात. इम्पीडन्स 50 ओहम असतो. 75 निवडल्याने कनेक्टर बदलत नाही, फक्त हिशेब बदलतो. मॅचिंग पॅड बाहेरून लावावाच लागतो. रेफरन्स लेव्हल सर्वांत शेवटी.

प्रत्येक सेटिंगनंतर तीच कमांड प्रश्नचिन्हासह पाठवून उत्तर वाचा. अ‍ॅटेन्युएटर ठरावीक पायऱ्यांनी हलतो, त्यामुळे 7 मागितल्यावर 10 मिळू शकतात. मग ‘सिस्टिम:एरर?’ शून्य येईपर्यंत विचारत राहा. रांगेत एकाहून जास्त चुका साठलेल्या असतात. -113 म्हणजे कमांडचं नावच चुकलं किंवा तो पर्याय बसवलेला नाही, -222 म्हणजे आकडा मर्यादेबाहेर, -221 म्हणजे दोन सेटिंगचं एकमेकांशी जुळत नाही. उत्तर पूर्ण वाचण्याआधी पुढची कमांड धाडली तर -410 येतो.

केबल जोडल्यावर एक चाचणी कधीही टाळू नका. शिखराची पातळी वाचा, अ‍ॅटेन्युएशन 10 डीबीने वाढवा, ‘*ओपीसी?’चं (काम पूर्ण झालं का, याचं) उत्तर येऊ द्या, नवा स्वीप (फ्रिक्वेन्सीची एक पूर्ण फेरी) पूर्ण करून पुन्हा वाचा. अ‍ॅटेन्युएशनची भरपाई उपकरण स्वतःच करतं, त्यामुळे आकडा तोच राहायला हवा. तो वाढला तर आधीच्या सेटिंगवर मिक्सर दबत होता आणि ते मोजमाप टाकून द्यावं. तळाचा नॉइज मात्र 10 डीबीने वर चढेलच. म्हणून शिखर हलत नाही अशा सर्वांत कमी अ‍ॅटेन्युएशनवर उतरा, पण 5 किंवा 10 डीबीच्या पायरीने, प्रत्येक पायरीवर पुन्हा वाचत.