खुब्याच्या बाहेरच्या बाजूचं जुनं दुखणं: टेंडन फाटलाय का, हे कसं तपासावं

पेशंटला आधी एका बोटाने दुखरी जागा दाखवायला सांगा. 'खुबा दुखतो' म्हणताना कुणाचं बोट जांघेकडे जातं, कुणाचं कुल्ल्याकडे. ते बाजूच्या हाडाच्या उंचवट्यावर, म्हणजे ग्रेटर ट्रोकँटरवर टेकलं, तर संशय ग्लुटिअस मिडिअस आणि मिनिमस या कुल्ल्याच्या स्नायूंच्या टेंडनवर, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीवर. चाळिशीपुढच्या बायका, त्या कुशीवर झोपता न येणं, जिना चढताना कळ ही नेहमीची हकिगत. यावर 'बर्सायटिस' (हाडाजवळच्या पाणीदार पिशवीची सूज) लिहून स्टिरॉइडचं इंजेक्शन देण्याची घाई होते. दुखणं काही आठवडे दबतं, फाटलेला टेंडन तसाच राहतो.

मांडी घालताना, मोजे चढवताना अडतं का, विचारा. अडत असेल आणि खुबा आत फिरवताना जांघेत दुखत असेल, तर आधी सांध्याची झीज शोधा.

मग ट्रोकँटर दाबून पाहा. तिथे अजिबात दुखलं नाही, तर टेंडनचा आजार असण्याची शक्यता कमी. पुढे दुखऱ्या पायावर 30 सेकंद उभं करा. तोल सांभाळायला भिंतीला एक बोट चालेल. त्याच जागी कळ आली तरच चाचणी पॉझिटिव्ह. तोल जाणं मोजू नका.

यानंतर उताणं झोपवून खुबा आणि गुडघा 90 अंशांत वाकवा, पाऊल दुसऱ्या पायाच्या दिशेने न्या. तिथेच दुखलं तर दुखणं थांबेपर्यंत थोडं मागे या. आता तुमच्या हाताच्या विरोधात पाऊल सरळ रेषेत आणायला सांगा. या जोराला बाजूला कळ आली, तर टेंडनवरचा संशय पक्का होतो.

पण कळ म्हणजे फाटणं नव्हे. नुसता झिजलेला टेंडनही असाच दुखतो. फाटण्याकडे बोट दाखवतो तो अशक्तपणा: कुशीवर झोपून वरचा पाय उचलून धरता न येणं, एका पायावर उभं राहताना पलीकडची कंबर खाली झुकणं. हेच चित्र कमरेच्या मणक्यातून पायात जाणारी एल-5 नस दबल्यावरही दिसतं, म्हणून पायाचा अंगठा वर उचलण्याची ताकद तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आधी पेल्व्हिसचा, म्हणजे कमरेखालच्या हाडांच्या कड्याचा, साधा एक्स-रे काढा. सोनोग्राफी करणारा हात मुरलेला असेल तर ती उपयोगी. शंका उरली तर एमआरआय. तपासणीसाठी पाठवताना स्लिपवर नुसतं 'खुबेदुखी' लिहिलं तर लक्ष सांध्याकडेच जातं. 'ग्लुटिअल टेंडन फाटल्याचा संशय' असं स्पष्ट लिहा. रिपोर्टमध्ये टेंडन अर्धवट तुटलाय की पूर्ण, किती मागे सरकलाय आणि स्नायूत चरबी किती भरलीय, हे यायला हवं. दुखणं नसलेल्यांच्याही एमआरआयमध्ये इथे बदल दिसतात, त्यामुळे फिल्म आणि तपासणी जुळली नाही तर तपासणीला जास्त वजन द्या.