डीसी ग्रिडवर एम.टेक. करताना: आधी कागद, मग अल्गोरिदम

डीसी ग्रिडमध्ये (डायरेक्ट करंटच्या वीजजाळ्यात) सोलरसारखे छोटे जनरेटर कुठे आणि केवढे बसवले तर तारांमधला लॉस (उष्णतेत वाया जाणारी वीज) सर्वांत कमी होईल, हा माझा एम.टेक.चा विषय. पुण्यात शिवाजीनगरच्या खोलीवर पहिल्याच आठवड्यात मी जेनेटिक अल्गोरिदम (चांगली उत्तरं निवडून, मिसळून सुधारत नेणारा प्रोग्राम) लिहायला बसले. उत्तरं भराभर आली. मॅडमनी एवढंच विचारलं, "याहून चांगलं उत्तर नाही, हे कशावरून?" मला सांगता येईना.

म्हणून आता कुणी ज्युनिअर आला की मी आधी लॅपटॉप मिटायला लावते. कागदावर एक सरळ फीडर, म्हणजे सबस्टेशनपासून निघणारी वीजवाहिनी, काढा. एका टोकाला सबस्टेशन, लोड (विजेचा वापर) सगळ्या लांबीवर सारखा पसरलेला. जनरेटर एकच. मला वाटलं होतं, शेवटच्या टोकाला पूर्ण लोडएवढा बसवावा. पण लॉस करंटच्या वर्गावर ठरतो. इंटिग्रेशन केलं तर कळतं की तसं केल्याने लॉस जरासुद्धा घटत नाही, फक्त करंट उलटा वाहतो! दोन तृतीयांश अंतरावर, एकूण करंटच्या दोन तृतीयांश देणारा जनरेटर ठेवा. लॉस मूळच्या एक नवमांशावर येतो. हे स्वतःच्या हाताने निघालं त्या दिवशी मला विषय आवडायला लागला.

दुसरी गल्लत लोड फ्लोची, म्हणजे ग्रिडमध्ये कुठे किती व्होल्टेज आणि करंट आहे ते काढण्याची. डीसीत रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर नाही, फेज अँगल नाही (या दोन्ही एसीतल्या गोष्टी), म्हणजे समीकरणं सरळ रेषेतली असणार असं वाटतं. तसं नाही. लोडची पॉवर ठरलेली असते, आणि करंट म्हणजे पॉवर भागिले व्होल्टेज. ते व्होल्टेजच तर शोधायचंय. सोर्स १, रेझिस्टन्स ०.१, लोड १ (सगळं पर युनिट, म्हणजे ठरवलेल्या मूळ मापाच्या पटीत) घ्या. व्होल्टेज १ धरून सुरुवात केली की ०.९, मग ०.८८८९, मग ०.८८७५ असं करत ते ०.८८७३ वर थांबतं. लोड २.५ च्या वर नेला तर उत्तरच उरत नाही. प्रोग्राम कन्व्हर्ज होत नसेल, म्हणजे एका उत्तरावर थांबत नसेल, तर दर वेळी दोष कोडचाच नसतो.

पुण्याला डीसी नवं नाही. १९३० साली डेक्कन क्वीन सुरू झाली तेव्हा मुंबई–पुणे रेल्वेमार्ग १५०० व्होल्ट डीसीवर होता; किती अंतरावर सबस्टेशन ठेवायचं, हा याच घरातला प्रश्न.

सरळ फीडर जमला की मग २१ नोडचा (तारा जुळतात त्या बिंदूंचा) ग्रिड घ्या. सबस्टेशन सोडून २० नोड, जनरेटर तीन, म्हणजे तीन जागा निवडण्याचे फक्त ११४० पर्याय. सगळे तपासा, प्रत्येकात जनरेटर केवढे हवेत ते वेगळं काढा, व्होल्टेजच्या मर्यादा पाळा. स्लॅक नोडची (इथे सबस्टेशनची, जे उरलेली गरज भागवतं) पॉवर ऋण आली, तर तुमचे जनरेटर सबस्टेशनलाच वीज परत पाठवताहेत. ते चालणार आहे का, हे आधीच ठरवा. माझ्या अल्गोरिदमचं उत्तर या यादीत पहिलं नव्हतं. ३३ नोडला पर्याय ४९६०, ६९ नोडला ५०११६. तिथे पोहोचलात की खुशाल जेनेटिक अल्गोरिदम उघडा.