नव्या नोकरीतील पहिला महिना

हिंजवडी किंवा खराडीच्या एखाद्या कार्यालयात नव्याने रुजू झालेल्या व्यक्तीने पहिल्या महिन्यात हुशारी दाखवण्यापेक्षा तिथली कामाची पद्धत समजून घेण्यावर भर द्यावा. रजेचा अर्ज कोणाकडे जातो, कोणत्या कामाला वरिष्ठांची लेखी मंजुरी लागते आणि अडचण आल्यास आधी कोणाला विचारायचे, हे वहीत टिपून ठेवावे, म्हणजे तोच प्रश्न त्याच सहकाऱ्याला पुन्हा विचारण्याची वेळ येत नाही. शंका मात्र याच काळात मोकळेपणाने विचाराव्यात. पुढे संकोच वाटू लागतो.

पहिली सॅलरी स्लिप हाती आली की केवळ खात्यात जमा झालेली रक्कम पाहून ती बाजूला ठेवू नये. महाराष्ट्रात व्यवसाय कर साधारणपणे दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, म्हणजे वर्षाला २,५०० रुपये कापला जातो. मासिक पगार २५,००० रुपयांपर्यंत असलेल्या महिलांना तो लागू नाही, त्यामुळे तशी कपात दिसल्यास वेतन विभागाकडे ईमेलने विचारणा करावी. भविष्य निर्वाह निधीचा यूएएन (युनिव्हर्सल अकाउंट नंबर, म्हणजे सदस्याचा ओळख क्रमांक) नोकरी बदलली तरी तोच राहतो, म्हणून आधी कुठे काम केले असल्यास जुना क्रमांक रुजू होतानाच द्यावा, आणि आधार, पॅन व बँक खाते यांवरील नाव एकसारखे आहे ना, हेही तपासावे. वडिलांचे नाव एका ठिकाणी पूर्ण आणि दुसरीकडे नुसते आद्याक्षर, हा घोळ आपल्याकडे फार आढळतो, आणि नेमका पैसे काढण्याच्या वेळी तो आडवा येतो.