देवाची नावं : कुठलं घ्यावं, कुठं थांबावं

आमच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुदी समाजात नवीन सून आली, किंवा इस्राएलमधल्या अश्दोद-लोदला वाढलेलं नातवंड सुटीत आलं, की मी आधी एवढंच सांगते: हिब्रूतली देवाची नावं पाठ करत बसू नका. फोनवर येतात ना, गुलाबाच्या फुलांवर छापलेल्या याद्या, एल शद्दाय म्हणजे सर्वसमर्थ, अमुक म्हणजे तमुक, त्या वाचून कुणाच्या हाती काही लागल्याचं मला दिसलं नाही. आमच्याकडे नाव वापरूनच कळतं. तोंडानं कधी घ्यायचं, कधी गिळायचं, कागदावर कुठं उतरवायचं नाही. ठाण्याच्या शआर हाशामाइममध्ये, 1879 सालचं आमचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, बायकांच्या बाजूला बसण्यात माझं आयुष्य गेलं. तिथं जे कळलं ते लिहिते. मी काही रब्बी नाही. अडेल तिथं आपल्या हाझानना, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्यांना, विचारा.

आधी न घ्यायचं नाव

योद, हे, वाव, हे. देवाच्या नावाची ही चार हिब्रू अक्षरं दिसली की ती डोळ्यांनी बघायची आणि तोंडानं ‘अदोनाय’ म्हणायचं, म्हणजे प्रभू. जेरुसलेमचं मंदिर उभं होतं तेव्हा योम किप्पुरला, प्रायश्चित्ताच्या उपासाच्या दिवशी, मुख्य याजक त्या चार अक्षरांचा खरा उच्चार करत. सन 70 मध्ये रोमनांनी मंदिर पाडलं आणि तो उच्चार लोकांच्या तोंडून गेला. ‘यहोवा’ असं पुष्कळांनी ऐकलेलं असतं. जुन्या हस्तलिखितांत त्या चार अक्षरांना ‘अदोनाय’च्या स्वरखुणा लावत, वाचणाऱ्यानं विसरू नये म्हणून. पुढं कुणी अक्षरं एकाची आणि स्वर दुसऱ्याचे असं सरळ वाचलं आणि ते रूप तयार झालं. शेजारी कुणी तसं म्हणत असेल तर वाद घालू नका. आपण म्हणायचं नाही इतकंच.

प्रार्थनेच्या पुस्तकात कधी नुसते दोन योद जोडून छापलेले असतात, तेही अदोनायच. आणि चार अक्षरांच्या शेजारी ‘अदोनाय’ आधीच लिहिलेलं असेल, तर ‘अदोनाय अदोनाय’ न म्हणता चार अक्षरांच्या जागी ‘एलोहिम’ म्हणायचं. तिथल्या स्वरखुणाही बदललेल्या दिसतील, गांगरू नका.

प्रार्थना संपली, पुस्तक मिटलं, की अदोनायही आत ठेवायचं. मग ‘हाशेम’, म्हणजे ‘ते नाव’. इस्राएलमधल्या पोरांना ‘कसा आहेस रे?’ विचारलं की ताप अंगात असला तरी उत्तर एकच, ‘बारूख हाशेम’, म्हणजे देव धन्य असो. एलोहिमचंही बोलताना एलोकिम करतात. फोनवर बहिणीला बेराखा, म्हणजे खाण्यापिण्याआधी वगैरे म्हणायचं देवाचं स्तुतिवचन, सांगत असाल तर ‘हाशेम एलोकेनू’ म्हणा. लहान मुलाला शिकवताना मात्र खरं नाव घ्यायला हरकत नाही, नाहीतर ते शिकणार कसं?

आणि चुकून निघालंच तोंडातून? फळ हातात घेतलं, ‘बारूख अता अदोनाय’ म्हटलं आणि आठवलं की बेराखा मघाशीच झाली आहे. तिथंच ‘लाम्मेदेनी हुक्केखा’ जोडून टाका. ती स्तोत्र 119 मधली ओळ होते, ‘तुझे नियम मला शिकव’, आणि नाव वाया जात नाही. पूर्ण बेराखा म्हणून झाली असेल तर हळूच ‘बारूख शेम केवोद माल्खुतो लेओलाम वाएद’ म्हणायचं.

मलिद्याच्या ताटाशी

नावं शिकायची खरी शाळा म्हणजे बेराखा, आणि आमच्याकडे सगळ्या बेराखा एका जागी भेटतात त्या मलिद्याच्या, म्हणजे देवाचे आभार मानायच्या आमच्या विधीच्या, ताटात. मधोमध भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची-जायफळ, वर बदाम-पिस्ते. भोवती खजूर, सफरचंद, केळी. वासाला गुलाब नाहीतर सब्जाची डहाळी. प्रत्येकाची बेराखा वेगळी, सुरुवात एकच: ‘बारूख अता अदोनाय एलोहेनू मेलेख हाओलाम’. ‘अता’ म्हणजे तू. जगाचा राजा म्हणायचं आणि त्यालाच अरे-तुरे करायचं, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

पुढचा शब्द ताटावर ठरतो. खजूर, सफरचंद, खोबऱ्याची कातळी ही झाडाची फळं, ‘बोरे पेरी हाएत्झ’. केळं मात्र ‘हाअदामा’, जमिनीचं पीक. इथं पोरं दर वेळी अडतात, केळीला झाड म्हणतो ना आपण. पण घड उतरला की केळ कापूनच टाकतात, त्याच खोडाला पुन्हा फळ येत नाही, म्हणून ती झाडात धरत नाहीत. पोह्यांना ‘मेझोनोत’. गुलाब हुंगायच्या आधी सुगंधाची वेगळी. एका जातीच्या सगळ्या फळांना मात्र एकच बेराखा पुरते. दोन खजुरांसाठी दोनदा नाव घ्यायचं नाही. रोजच्या पाण्याच्या पेल्याला ‘शेहाकोल’. आणि ‘हामोत्झी’ गहू, जव अशा ठरलेल्या पाच धान्यांच्या पोळी-पावाला. ज्वारीच्या भाकरीला नाही.

मलिदा एलियाहू हनाबीच्या, म्हणजे एलियाहू संदेष्ट्याच्या, नावानं होतो, तर त्याचंही नाव जरा उघडून बघा. एली, माझा देव. याहू, त्याच चार अक्षरांचं आखूड रूप. कर्मेल डोंगरावर त्यानं बाल नावाच्या दैवताच्या पुजाऱ्यांना आव्हान दिलं तेव्हा लोक शेवटी ओरडले, ‘अदोनाय हू हाएलोहिम’. अदोनाय हाच देव. योम किप्पुरला संध्याकाळी, दिवसभराच्या उपासानं घसा सुकलेला असताना, नेइलाच्या, म्हणजे दिवसाच्या शेवटच्या प्रार्थनेच्या, अखेरीस हे सात वेळा म्हणतात. त्या वेळी एलियाहूचं नावच आपण उलगडून म्हणत असतो. अलिबागजवळच्या खंडाळ्याला (घाटातलं नव्हे) त्याच्या रथाच्या खुणा खडकावर दाखवतात, आणि तू बिश्वातला आमची माणसं तिथं मलिदा करतात.

तू बिश्वात म्हणजे हिब्रू शेवात महिन्याची 15 तारीख, आणि त्यातही नाव लपलंय. हिब्रूत आकडे अक्षरांनी लिहितात. पंधरा सरळ लिहायला गेलं तर दहाचं योद आणि पाचचं हे, म्हणजे देवाचंच आखूड नाव. म्हणून नऊ अधिक सहा लिहितात, तेत-वाव, तेच ‘तू’. सोळाही तसंच, नऊ अधिक सात. मुलांच्या गणिताच्या वहीत हे तपासा.

शेमा

कोकणात आमच्या पूर्वजांचं हिब्रू गेलं, पुस्तकं गेली. तेलाचा घाणा आणि शनिवारची सुटी राहिली, म्हणून ‘शनवार तेली’. आणि जिभेवर शेमा राहिला. बारसं, लग्न, मौत, काहीही असो, शेमाच. ‘शेमा इस्राएल, अदोनाय एलोहेनू, अदोनाय एहाद.’ ऐक इस्राएल, अदोनाय आपला देव, अदोनाय एक. उजव्या हातानं डोळे झाका. घाईत म्हणू नका, आणि शेवटच्या ‘द’वर ठाम थांबा. सेफर तोरामध्ये, म्हणजे तोरा या धर्मग्रंथाच्या हातानं लिहिलेल्या गुंडाळीत, हे शेवटचं दालेत मुद्दाम मोठं लिहिलेलं असतं. दालेत आणि रेश दिसायला सख्खी भावंडं. दालेतचा कोपरा गोल झाला की रेश होतं आणि ‘एहाद’चं ‘अहेर’, म्हणजे ‘एक’चं ‘दुसरा’. सकाळी आणि रात्री म्हणायचा, आणि रात्री झोपताना मुलांकडून म्हणून घ्यायचा.

याच शेमाचा चर्मपत्रावरचा मजकूर मेझुझात, दाराच्या चौकटीवर लावायच्या डबीत, असतो आणि पाठीमागं ‘शद्दाय’ लिहिलेलं. आत शिरताना उजव्या चौकटीवर, वरच्या तिसऱ्या हिश्श्याच्या खालच्या टोकाशी लावा. न्हाणीघराला लावत नाहीत. कोकणातल्या दमट हवेत शाई उडते, तेव्हा सात वर्षांत दोनदा उघडून जाणकाराला दाखवायची.

ज्याच्या त्याच्या वेळचं नाव

आता अर्थ. ते मी बायकांकडून शिकवते, कारण तोरातल्या आणि संदेष्ट्यांच्या ग्रंथांतल्या बायकांनी नावं गरजेला वापरली.

हागार घ्या. दासी, पोटुशी, मालकिणीच्या जाचानं रानात पळालेली. झऱ्याशी दूत भेटला तेव्हा तिनं देवाला नाव दिलं, ‘एल रोई’, मला पाहणारा देव. देवाला नावं ठेवणारे पुष्कळ. देवाचं नाव ठेवणारी तोरामध्ये पहिली हीच. घरात आपलं कुणी ऐकत नाही असं वाटणाऱ्या मुलीला मी हे नाव देते. शद्दायपेक्षा लवकर उपयोगी पडतं.

हन्ना दुसरी. मूलबाळ नाही, सवत टोचते, शिलोच्या मंदिरात उभी राहून नुसते ओठ हलवतेय. एली याजकाला वाटलं, बाई प्यायलीय. तिनं हाक मारली, ‘अदोनाय त्झेवाओत’, सैन्यांचा प्रभू. तलमूद, रब्बींच्या चर्चांचा जुना ग्रंथ, सांगतं की प्रार्थनेत या नावानं हाक मारणारी ती पहिली. आणि तिचा युक्तिवादही देतं: इतकी सैन्यं निर्माण केलीस, त्यातून मला एक पोर देणं तुला जड आहे का? मला हे फार आवडतं. युद्धाचं भारदस्त नाव, आणि बाईनं त्याचा हिशेब मांडला. आम्ही अमिदा, म्हणजे उभ्यानं म्हणायची मुख्य प्रार्थना, ओठ हलवून, कुणाला ऐकू न जाता म्हणतो, ती हिच्यावरूनच.

आजारी माणसाच्या उशाशी बसाल तर लांब प्रार्थनेची गरज नाही. मिर्यामला कोड उठलं तेव्हा तिच्या भावानं, मोशेनं, पाच शब्द म्हटले: ‘एल ना, रेफा ना ला.’ देवा, कृपा कर, हिला बरी कर. पुरुष असेल तर शेवटी ‘लो’. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर एवढंच म्हणता येतं आणि एवढं पुरतं.

एलोहिम आणि चार अक्षरं यांतला फरक रब्बींनी असा लावला: एलोहिम न्यायाच्या बाजूनं, चार अक्षरांचं नाव दयेच्या बाजूनं. मुंबईतलं आमचं सर्वांत जुनं सिनेगॉग, मांडवीतलं 1796 सालचं, टिपूच्या कैदेतून सुटून आलेल्या समाजी हसाजी दिवेकरांनी बांधलं. त्याचं नाव शआर हारहामिम, दयेचं दार. कैदेतून सुटलेला माणूस न्यायाचं नाव देत नाही, हे मला तरी बरोबर वाटतं. मशीद बंदर स्टेशनचं नाव त्याच ‘मशिदी’वरून पडलं असं जुनी माणसं सांगतात. आणि समाजी म्हणजे शमुएल, हसाजी म्हणजे यहेज्केल. मराठीत येताना दोघांच्या शेपटातला ‘एल’ गळला, ‘जी’ आला. शमुएल, दानिएल असलं माणसाचं नाव बिनधास्त घ्या, लिहा. त्यातल्या ‘एल’ला बंधन नाही.

‘शालोम’ मात्र जपून. तेही देवाचं नाव मानतात, म्हणून न्हाणीघरात कुणाला शालोम करत नाहीत.

कागद

हिब्रूत लिहिलेली सात नावं खोडायची नाहीत. चार अक्षरांचं, अदोनाय, एल, एलोहिम, एह्ये, शद्दाय, त्झेवाओत. ‘रहूम’, दयाळू, हे गुण आहेत. ते खोडता येतात. तोरा लिहिणाऱ्या सोफेरचं इतर अक्षर चुकलं तर तो खरवडून दुरुस्त करतो. नावातच चूक झाली तर अख्खं पान बाजूला ठेवतो. म्हणून लग्नपत्रिकेवर हिब्रू वचन छापायची हौस आवरा. चार दिवसांनी त्या पत्रिका कचऱ्यात जातात. छापायचंच असेल तर नावाच्या जागी नुसतं ‘हे’ अक्षर आणि वर छोटी तिरकी रेघ. मराठीत ‘देव’, ‘परमेश्वर’ लिहायला अडचण नाही, फोनच्या पडद्यावरून पुसायलाही बहुतेक रब्बींची ना नाही.

फाटकी तेफिलाची, म्हणजे प्रार्थनेची, पुस्तकं, जुन्या मेझुझा गेनिझात, अशा कागदांच्या साठवणीत, जातात. सिनेगॉगमध्ये गोळा करतात आणि मग दफनभूमीत पुरतात. कैरोच्या बेन एझ्रा सिनेगॉगमध्ये शतकानुशतकं पुरायचं राहूनच गेलं, आणि 1897 मध्ये शेख्टर नावाच्या विद्वानानं तिथले जवळजवळ दोन लाख तुकडे केंब्रिजला नेले. त्यात 12व्या शतकातल्या भारताशी व्यापार करणाऱ्यांची पत्रं निघाली. एकात आपल्या ठाण्याचं नावही आहे.

तुम्ही पावसाळ्याआधी एकदा कपाट चाळा, कसर लागायच्या आत. कापडी पिशवीत भरा, प्लास्टिकमध्ये घाम धरतो. वर कुठलंही सामान ठेवू नका. आणि रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी मुलांच्या जुन्या वह्या उलटून बघा. इंग्रजीच्या वहीत मधेच हिब्रूच्या गृहपाठाचं एखादं पान असतंच.