ओआरएस देताना या चुका टाळा, प्लीज

मी मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. दर पावसाळ्यात तेच ते बघून जीव तुटतो म्हणून लिहितेय.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे ओआरएसचं, म्हणजे जुलाबात पाण्यात कालवून पाजायच्या मीठ-साखरेच्या पावडरीचं, एक लिटरचं पाकीट एका ग्लासात ओतणं. लोकांना वाटतं घट्ट केलं की गुण लवकर येईल, नाहीतर एवढंसं बाळ लिटरभर कुठे पिणार, वाया जाईल. अहो, त्या पाकिटात 2.6 ग्रॅम मीठ आणि 13.5 ग्रॅम ग्लुकोज हे एका लिटर पाण्याच्या हिशोबाने घातलेलं असतं, कारण आतड्यात साखर आणि मिठातलं सोडियम जोडीने आत शिरतात आणि त्यांच्या मागोमाग पाणी. घट्ट केलंत की उलटं होतं, अंगातलं पाणी आतड्यात ओढलं जातं, जुलाब वाढतात आणि रक्तात सोडियम चढतं.

आमच्याकडे एक आठ महिन्यांचं बाळ आलं होतं, आजीने दोन दिवस फुलपात्रात अख्खं पाकीट कालवून पाजलेलं. पाणी दिसलं की झडप घालायचं, सारखं किरकिरायचं, मग झटके सुरू झाले. सोडियम 168, जे 135 ते 145 असायला हवं. बरं ते पटकन उतरवताही येत नाही, मेंदूला सूज येते, त्यामुळे तीन दिवस आम्ही सलाईन थेंब मोजून दिलं. बाळ वाचलं. आजी दाराशी बसून म्हणत होती, "मी काय वाईट केलं गं?" तिला कुणी सांगितलंच नव्हतं हो.

तेव्हापासून मी डिस्चार्जच्या आधी आईला लिटरची रिकामी बाटली आणायला लावते आणि माझ्यासमोर बनवून घेते. 200 मिलीचं छोटं पाकीटही येतं, म्हणून मागे छापलेलं वाचाच. बनवलेलं 24 तासांनी ओतून टाकायचं.

दुसरं, "सिस्टर, एक सलाईन लावा ना, लवकर मोकळं होऊ". ही घाई मला अजिबात पटत नाही. मूल पीत असेल तर सुई कशाला? 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणीच पाजलं आणि मृत्यूचं प्रमाण जवळपास 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आलं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग चमच्या-चमच्याने परत द्या. कंटाळा येतो, मान्य, पण तेच काम करतं.

गोड टेट्रापॅक म्हणजे ओआरएस नाही.

अंगावरचं दूध बंद करू नका.

झिंकचं औषध जुलाब थांबले तरी 14 दिवस पूर्ण द्या.

किडनीच्या पेशंटला नारळपाणी डॉक्टरांना विचारूनच, त्यात पोटॅशियम भरपूर असतं.

आणि घरातले आजी-आजोबा बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी घेतात, त्यात मीठ पूर्ण तोडलेलं, वर उन्हाळा म्हणून साधं पाणी तांब्याने. मग असंबद्ध बोलायला लागले की घरचे म्हणतात वय झालं. आधी सोडियम तपासा, ते खाली गेलेलं असू शकतं, आणि घरी मीठ चारत बसू नका, सोडियम हळूहळूच वाढवावं लागतं.

मूल सुस्त पडलं, डोळे खोल गेले, सहा तास लघवी नाही, तर पाकीट-बिकीट सोडा आणि तसंच उचलून घेऊन या, सकाळची वाट बघू नका.