विमान अपघाताचा अहवाल कसा वाचावा

दाबोळी वा मोपावरून आखातात नित्य जा-ये करणाऱ्या गोमंतकीय कुटुंबांनी अपघाताच्या पहिल्याच दिवशी वैमानिकाला दोषी ठरवू नये (वृत्तवाहिन्यांना तेवढा धीर नसतो). साधारण 30 दिवसांत येणाऱ्या प्राथमिक अहवालात केवळ घटनाक्रम पाहावा. अंतिम अहवालातील ‘संभाव्य कारण’ आणि ‘साहाय्यक घटक’ एकत्रच वाचावेत, कारण महत्त्वाची माहिती बहुधा दुसऱ्या भागात असते. 2020 च्या कोळिकोड अपघातात विमान धावपट्टीच्या जवळपास मध्यावर टेकले, तरी तपासकांनी वैमानिकाच्या चुकीबरोबर व्यवस्थेतील त्रुटीही नोंदवल्या. हा तपास दोष ठरवण्यासाठी नसतो. भरपाईचा दावा स्वतंत्र असून, आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी माँट्रियल करारानुसार तो दोन वर्षांच्या आत दाखल करावा.